देवमामलेदारांचा खजिना आणि श्रावकाचे व्रत

सटाण्यात आरम नदीच्या तीरी यशवंतराव महाराजांचे मंदिर आहे. यशवंत महादेव भोसेकर हे येथील मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी रयतेला वाटला. ती रक्कम १ लाख २७ हजार रुपये होती, असे सांगतात. तपासणीच्या वेळी खजिना भरलेला आढळला, ही लोकश्रद्धा. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तर प्रश्न उरतो: ते कृत्य न्याय्य होते काय?

जैन वाचकाला हा प्रश्न अधिक बोचतो. अचौर्य व्रतानुसार न दिलेले घेणे ही चोरी आहे, आणि खजिना मामलेदारांच्या मालकीचा नव्हता.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडले की, विषमता तेव्हाच क्षम्य ठरते, जेव्हा तिचा लाभ सर्वांत दुर्बलाला होतो. रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये प्रतिवाद केला: रीतसर मिळविलेले धन बळाने काढून घेणे हाच अन्याय. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखविले की, पुष्कळदा धान्य असूनही माणसे उपाशी मरतात, कारण ते मिळविण्याचे साधन त्यांच्या हाती उरत नाही. खजिन्यातील रुपयाने रयतेला तेच साधन दिले. शिवाय तो रुपया मुळात तिच्याच साऱ्यातून आला होता.

जैन विचार या वादात वेगळ्या दाराने शिरतो. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आपल्या धनधान्याची मर्यादा स्वतःच ठरवितो. येथे कोणी हिरावून घेत नाही, म्हणून नॉझिक यांचा आक्षेप उरत नाही. मर्यादेपलीकडचे आहारदान, औषधदानाकडे वळले, तर रॉल्स यांचा हेतूही साधतो. मात्र व्रत ऐच्छिक असते. सर्वांनीच ते घेतले नाही तर उपाशी माणसाने कोणाच्या वैराग्याची वाट पाहावी? म्हणून राज्याचे कर्तव्य संपत नाही.

आणि दान हा न्यायाचा पर्याय नव्हे. खोटी मापे व भेसळ यांना तत्त्वार्थसूत्राने अचौर्याचे अतिचार म्हटले आहे. कांद्याच्या वजनात शेतकऱ्याचे किलोभर कापून पर्युषणात हजारांची बोली लावणाऱ्याने आधी आपला काटा तपासावा.

आपल्या पेढ्यांवर व्रत जागे असेल, तर पुढच्या दुष्काळात एखाद्या मामलेदाराला कायदा आणि करुणा यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.