अपुऱ्या दिवसांचे बालक आणि मातीतील जंतू

नवजाताच्या श्वासविकाराचा विचार आपण वैद्य बहुधा कफदुष्टीच्या अंगाने करतो. परंतु ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे घातक ठरू शकते. त्याची फुफ्फुसे अपक्व आणि व्याधिक्षमत्व अल्प असते. निरोगी माणसास फार तर उलटी-जुलाब देणारा जंतूही अशा बालकाचा प्राण घेऊ शकतो. ‘बॅसिलस सेरियस’ हा त्यांपैकी एक होय.

माती, धान्य व वाळलेल्या वनस्पती ही त्याची वसतिस्थाने. त्याचे बीजाणू थोड्या वेळच्या उकळीत टिकतात. मद्यार्कयुक्त द्रवाने हात चोळल्यानेही मरत नाहीत. साबण व पाण्याने हात चोळून धुणे हाच उपाय. हा संसर्ग विरळा आहे. मात्र झाल्यास फुफ्फुसाच्या ऊती नष्ट करणारा न्यूमोनिया उद्भवू शकतो. रक्ततपासणीत जंतू दिसला, तरी नमुन्यातील बाहेरची भेसळ समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिन वर्गातील बहुतेक औषधांना तो दाद देत नाही. म्हणून व्हँकोमायसिनचा आधार घ्यावा लागतो.

२०१४ साली इंग्लंडमध्ये शिरेवाटे देण्याच्या दूषित पोषणद्रवातून हाच जंतू नवजात अतिदक्षता विभागांतील बालकांच्या रक्तात पोहोचला. दोष निर्मितीच्या टप्प्यावरचा होता. औषधनिर्मात्या बंधूंनी हे विसरू नये.

गतवर्षी आठव्या महिन्यात जन्मलेल्या एका नातवास घेऊन आजीबाई माझ्याकडे गुटी मागावयास आल्या. बालक स्तन्य घेत नव्हते, ज्वर नव्हता. श्वास मोजले, ते मिनिटास ७२ भरले. गुटी न देता, बालकास मातेच्या छातीशी उबेत ठेवून तत्काळ रुग्णालयात पाठविले. न्यूमोनियाचे निदान झाले आणि बालक वाचले.

काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात लेह कोणास द्यावा व कोणास देऊ नये, हा विवेक सांगितला आहे. तोच येथे पाळावा. वेखंड, हळकुंड मातीतूनच येतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकास गुटी, मध वा चाटण देऊ नये. औषधविक्रेत्यांनीही बालक किती दिवसांचे, हे विचारल्यावाचून ती विकू नये.

मिनिटास ६० वा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, कण्हणे, श्वास मध्येच थांबणे, अंग गार पडणे, स्तनपान सोडणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच बालकास रुग्णालयात धाडावे. ज्वराची वाट पाहू नये. वेळीच पाठविणे हीही चिकित्साच आहे.