जुन्या जीपचा पडदा आणि नवे पेट्रोल

ब्रह्मपुरीत आमच्या ओळखीच्या एका घरी पन्नास वर्षांहून जुनी, पेट्रोलवर चालणारी जीप आहे. मागच्या पिढीने ती धानाच्या व्यवहारासाठी जंगलातल्या रस्त्यांवर फिरवली. मध्यंतरी ती मधूनमधून बंद पडू लागली. मिस्त्रीने इंजिनातील तेलाची पट्टी काढून हुंगली आणि सांगितले, "तेलात पेट्रोल उतरते आहे. एसी पंपाचा पडदा गेला." नवा पडदा बसवला, काही महिन्यांत तोही गेला. दुसऱ्यांदा असे का व्हावे, हा प्रश्न आम्हाला विज्ञानाच्या तासाला शोभेल असा वाटला.

'एसी' या नावाचा थंड हवेशी संबंध नाही. ते एका जुन्या कंपनीचे नाव. इंजिन फिरू लागले की एक दांडी या पंपातील लवचीक पडदा खाली ओढते. वर पोकळी निर्माण होते आणि टाकीतले पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडद्याला वर ढकलते व पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. दोन झडपा त्याला उलटे फिरू देत नाहीत. सायकलच्या पंपाचेच हे भावंड! पडदा फाटला की पेट्रोल खाली इंजिनच्या तेलात झिरपते. तेल पातळ होऊन बेअरिंगे झिजतात. पेट्रोल बाहेर गळून तापलेल्या भागावर पडले तर आग लागू शकते. म्हणून हा काही रुपयांचा तुकडा क्षुल्लक समजू नये.

आता पेट्रोलकडे वळू. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. हे इथेनॉल ऊस, मका, तांदळाची कणी यांपासून बनते. म्हणजे आपल्या धानाच्या पट्ट्यालाही ते परके नाही. जुने रबर निवडले होते ते पेट्रोल सोसण्यासाठी. इथेनॉलचे रेणू ध्रुवीय असतात. पेट्रोलमध्ये मिसळून ते अशा रबरात शिरतात. रबर फुगते, मऊ पडते आणि पुन्हा वाळले की तडकते. त्याहून जुन्या काही गाड्यांत बुचाच्या लाकडाचा तरंगक असे व त्यावर लाखेचा लेप दिलेला असे. आपल्याकडे पळसावर मिळते तीच ही लाख. सुतार ती स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हे आठवले म्हणजे त्या तरंगकाचे पुढे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

मिश्रणाची खात्री शिक्षकांनी स्वतः, उघड्यावर आणि जवळपास ज्योत नसताना करून दाखवावी. मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी व ५० मिलिलिटर पेट्रोल घेऊन हळूच हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा पाण्याचा थर ६० च्या जवळपास गेलेला दिसेल, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात गेले. टाकीत पाणी शिरले तर तिथेही हेच घडते, आणि तळाच्या त्या थराने पत्रा गंजतो.

सुटा भाग शोधताना आमची पहिली चूक इथेच झाली. आम्ही "जीपचा अस्सल पडदा" मागितला, आणि दुकानदाराने वर्षानुवर्षे न उघडलेल्या खोक्यातला दिला. तो अस्सल होता, पण खोक्यात पडून रबराचेही वय होतेच. शिवाय बऱ्याच पेट्रोल जीपना पुढे डिझेल इंजिने बसवली गेली, त्यामुळे असे भाग आता कोणी फारसे ठेवत नाही. दुसऱ्या खेपेस आम्ही नाव सोडून मापे नेली: पडद्याचा व्यास, भोकांची संख्या, मधल्या दांडीची लांबी. पंप आणि कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या. एकच नमुना अनेक गाड्यांत सापडतो. पडद्याचे कापड फ्लोरोकार्बन रबराचे हवे, हे आम्ही लिहूनच दिले. पॅकिंगे व नळ्याही त्याच कसोटीवर बदलल्या.

एक गोष्ट उरली. पेट्रोलच्या १ भाग वजनाला जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जरा जास्त जायला हवे. नव्या गाडीत हे काम संवेदक व संगणक करतात. जुन्या जीपमध्ये ते करते 'जेट' नावाचे पितळी भोक. सोलेक्स जातीच्या जेटवरील १२० हा आकडा म्हणजे १.२० मिलिमीटर व्यास. प्रवाह क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतो: १२० चे १३० केले तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढते! म्हणूनच जेट तारेने कोरून साफ करू नये, हवेने फुंकावे.

आमच्या जीपच्या जेटवरचा आकडा घासून गेला होता. बारीक ड्रिलांचे गुळगुळीत बुंधे न फिरवता, अलगद घालून पाहिले. १.२० चा गेला, १.२५ चा अडला.