खाली गेलेल्याने काय करावं?

हवेतली माणसं : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण विमानाच्या दारापर्यंत आलो होतो. दाराबाहेर कोण लटकतं, मधून कोण निघतं, आतून येऊन सगळ्यात शेवटी कोण झेप घेतं, ते पाहिलं. आज त्यापुढचं मिनिटभर. फॉर्मेशन स्कायडायव्हिंगमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पोटावर पडता पडता एकमेकांचे हातपाय धरून आकृत्या रचण्याच्या खेळात, नवख्याची उडी फसते ती बऱ्याचदा एकाच तऱ्हेने. बाकीचे वर राहतात आणि तो खाली जातो. उडी फसली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण खाली गेलेला माणूस पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत काय करतो, यावर त्याच्यासकट सगळ्यांची सुखरूपता ठरते.

आधी हे घडतं कसं ते पाहू. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते, हे शाळेत शिकलेलं खरं आहे, पण जिथे हवा नाही तिथे. हवेत वेग वाढेल तसा रोध वाढतो, आणि तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. विमानातून निघाल्यावर दहा-बारा सेकंदांत हा रोध माणसाच्या वजनाची बरोबरी करतो आणि वेग वाढायचा थांबतो. पोटावर पडणाऱ्या माणसाचा हा स्थिर वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या घरात असतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५४ मीटर. हजार फूट संपायला साडेपाच सेकंद पुरतात. तेरा हजार फुटांवरून निघालं तर खेळायला हातात जेमतेम मिनिटभर उरतं.

मात्र हा आकडा माणसागणिक बदलतो. ठेंगणा, भरीव अंगाचा भरभर पडतो, तर उंच, सडपातळ, लांब हातापायांचा तरंगत राहतो. तोच माणूस अंगाची ठेवण बदलून वेगही बदलू शकतो. हवेला सामोरं जाणारं अंग दहा टक्क्यांनी आक्रसलं की वेग पाचेक टक्क्यांनी वाढतो. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ५४ मीटरचे पाच टक्के म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. घाबरून कोपरं आणि गुडघे चार सेकंद आत ओढलेले राहिले, की तो गडी तीन मजले खाली गेलेला असतो, आणि आपण काही केलं असं त्याला वाटलेलंही नसतं.

म्हणूनच उडीआधी जमिनीवर रटाळ दिसणारं एक काम चाललेलं असतं, ते म्हणजे वजनं आणि कपडे जुळवण्याचं. हलकी माणसं शिशाच्या गोळ्या भरलेले पट्टे कमरेला बांधतात किंवा वजनाचं जाकीट घालतात. सामानासकट ७० किलो भरणाऱ्याने ५ किलो वाढवले, तर वेग साडेतीन टक्क्यांनी वाढतो. आपल्याला चौघांत खेळायचं असेल आणि दर सेकंदाला दोन मीटर वर राहायचं नसेल, तर एवढं ओझं पुष्कळ. भारी माणसं उलट ढगळ, खरखरीत कापडाचा सूट घालतात आणि हलकी अंगाबरोबर बसणारा गुळगुळीत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा आपल्याकडे कौतुक झालं ते साडीच्या अभिमानाचं. मला त्यात जास्त कुतूहल वाटलं ते नऊ वार कापड त्या वेगात काय करत असेल याचं. मोकळं फडफडणारं कापड हवा धरतं आणि वेगाचं गणित बदलतं. एकटीच्या उडीत ते चालून जातं. शेजारी दुसरा माणूस असेल तर कापडाचा पोतसुद्धा हिशेबात घ्यावा लागतो.

खाली जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र अंगकाठीत नाही, घाईत आहे. विमानातून शेवटी निघालेल्याला पुढे गेलेल्यांना गाठायचं असतं. तो हात मागे घेऊन डोकं खाली करून सुसाटतो आणि आकृती जवळ दिसली की अंग पसरून वेग मोडतो. हे मोडणं दोन सेकंद उशिरा झालं की तो आकृतीच्या पातळीवरून सरळ खाली निघून जातो. त्याने तिच्या बाजूने खाली जावं एवढीच आपली इच्छा. कारण वरून वेगात येऊन दुसऱ्यावर आदळणं हे खाली जाण्यापेक्षा कितीतरी वाईट. १८ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या कूलिजजवळ नेमकं असं घडलं. सोबत्यांना गाठायला वेगात निघालेली एक स्कायडायव्हर दुसऱ्याच्या पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीवर आदळून बेशुद्ध झाली. प्रशिक्षक ग्रेगरी रॉबर्टसन यांनी डोकं खाली करून तिचा पाठलाग केला, तिला गाठलं आणि तिची राखीव छत्री उघडली. ती वाचली. त्या वर्षी सायप्रेस नावाचं जर्मन यंत्र बाजारात आलेलं नव्हतं. ते १९९१ मध्ये आलं. माणूस २२५ मीटर उंचीवर अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल, तर ते राखीव छत्री आपणहून उघडतं. तरी आदळण्यावर त्याच्याकडे काही इलाज नाही.

आता मूळ प्रश्न. खाली गेल्यावर परत वर येता येतं का? खरं तर वर कुणीच जात नाही. आपण आपला वेग कमी करतो आणि वरचे आपल्या पातळीला येऊन पोचतात. चित्रफितीत माणूस वर चढताना दिसतो तो कॅमेरावालाही पडत असतो म्हणून. या खेळात अडचण अशी की वेग वाढवायला वाव भरपूर असतो, कमी करायला थोडा. छाती पुढे काढून कंबर दाबली, हातपाय आवळले की वेग झपाट्याने वाढतो. उलट अंग कितीही पसरलं तरी मूळ वेगाच्या दहाएक टक्के कमी करता आले तर पुष्कळ. आकृतीपेक्षा सेकंदाला दोन मीटर हळू पडणं जमलं आणि आपण वीस मीटर खाली असलो, तर पातळीला यायला दहा सेकंद लागणार. त्या दहा सेकंदांत सगळेच पावणेदोन हजार फूट खाली आलेले असतात. मिनिटभराच्या उडीचा सहावा हिस्सा गेला.

हा वेग कमी करण्याची ठेवण शिकवायला सोपी, करायला अवघड आहे. खांदे गोल करून छाती आत घ्यायची, पोट वर ओढायचं, हात रुंद पसरून तळवे हवेवर दाबायचे आणि पाय सरळ लांब करायचे. पाय विसरले जातात. सगळं लक्ष हातांत असतं, गुडघे दुमडलेलेच राहतात, समोरचा रोध वाढतो आणि माणूस मागे मागे सरकत आकृतीपासून दूर जातो. मग तो पुढे येण्यासाठी हात पुढे लांबवतो आणि आणखीच मागे जातो, कारण लांबवलेल्या हातांवरून हवा पुढे फेकली जाते. दुसरी चूक मानेची. आकृती वर आहे म्हणून माणूस हनुवटी उचलून वर पाहतो. हनुवटी उचलली की पाठ आपोआप कमान घेते, आणि कमान म्हणजे जास्त वेग. ज्याला वर यायचं आहे तो वर पाहून पाहून आणखी खाली जातो. डोकं खांद्यांच्या रेषेत ठेवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायची सवय वाऱ्याच्या बोगद्यात लागते. तिथे वारा ठरल्या वेगाने वर वाहत असतो आणि चूक झाली तर जाळीवर टेकण्याहून वाईट काही होत नाही. नवख्याने तिथे घालवलेली दहा मिनिटं मला दहा उड्यांपेक्षा मोलाची वाटतात.

हे सगळं करायचं ते आकृतीच्या बाजूला राहून. तिच्या खाली, कधीही नाही. पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर गढूळ, विरळ हवेचा एक पट्टा तयार होतो. स्कायडायव्हर त्याला बर्बल म्हणतात. वरचा माणूस त्या पट्ट्यात शिरला की त्याच्याखालचा आधार निघून जातो आणि तो खालच्याच्या पाठीवर येऊन पडतो. हे कुणाच्या चुकीच्या हालचालीने होत नाही, हवाच तसं करते. दुसरा धोका आणखी वाईट. खालच्याचं पॅराशूट चुकून उघडलं, पिन सुटली, काहीही झालं, तर तो काही सेकंदांत ताशी २०० वरून २० किलोमीटरवर येतो. वरचे मात्र पूर्ण वेगाने येतच असतात. त्यांना चुकवायला वेळ मिळत नाही. म्हणून खाली गेलेल्याने पहिलं काम करायचं ते आडवं सरकण्याचं. आकृती समोर, तिरपी वर दिसत राहील अशा जागी यायचं, तोंड तिच्याकडे ठेवायचं, मग वेग कमी करायचा. पातळीला आल्यावर आडवं पुढे येऊन हात धरायचा. खालून थेट वर येत एखाद्याचा पाय धरण्याचा मोह काही जुन्या खेळाडूंनाही आवरत नाही, आणि ते पाहून मला राग येतो.

वरच्यांनीही थोडं करायचं असतं. चौघं अनुभवी असतील तर आकृती कमान घेऊन खालच्याला भेटायला किंचित वेग वाढवते. शिकाऊ उडीत किंवा मोठ्या आकृतीत मात्र मधल्या गटाने आपला वेग ठरल्याप्रमाणे ठेवावा. तोच बदलत राहिला तर येणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधल्या उदोन थानीला ४०० जणांनी एक आकृती केली. साधारण २५ हजार फुटांवरून, लष्कराच्या सी-१३० विमानांतून निघून. एवढ्या गर्दीत मधला गट चंचल असता तर कडेच्या माणसांना काही सुचलं नसतं. अशा विक्रमी प्रयत्नांत पुन्हा पुन्हा खाली जाणाऱ्याला बाजूला काढून राखीव खेळाडू घेतात. ते निर्दय वाटतं. योग्यच आहे.

आणि जमलंच नाही तर? तर प्रयत्न सोडायचा. आकृतीपासून वेगळं व्हायची उंची आधीच ठरलेली असते. अमेरिकी संघटना यूएसपीएच्या शिफारशीनुसार पाचपर्यंत माणसं असतील तर पॅराशूट उघडायच्या ठरलेल्या उंचीच्या किमान १५०० फूट वर वेगळं व्हायचं, सहा किंवा जास्त असतील तर २००० फूट वर. खाली राहिलेल्यालाही हीच उंची लागू. त्याने आपल्या कडेला राहून वाट पाहायची, उंची आली की पाठ फिरवून आपल्या दिशेने सरळ दूर जायचं, हात हलवून इशारा द्यायचा आणि मगच छत्री उघडायची. हवेत खालच्याला प्राधान्य हा नियम सर्वमान्य आहे, कारण वरच्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाही. पण या नियमाचा आधार घेऊन आकृतीखालीच छत्री उघडणारा स्वतःचा आणि वरच्यांचा जीव टांगणीला लावतो. आकृतीकडे टक लावून राहिल्यामुळे उंचीमापकाकडे पाहायचं राहून जातं, म्हणून हेल्मेटमध्ये कानाशी वाजणारा उंचीमापक असावा. तो दुसरा म्हणून. मनगटावरचा पहिला.

दूर जाण्याचं हे तंत्र, ट्रॅकिंग, पुढच्या लेखांकात. तोवर चौघांच्या स्पर्धेची एखादी चित्रफीत काढून पाहा. ठरलेला वेळ ३५ सेकंदांचाच असतो. कुणी किंचित खाली गेला की त्याच्या हातांकडे पाहू नका, पायांकडे पाहा.