कबुतराची दोन अंडी

आपल्या मोहल्ल्यात एखाद्या तरी घराच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ असते. ढाबळ म्हणजे कबुतरांसाठी फळ्यांचे किंवा जाळीचे केलेले घर. ‘कबूतर’ हा शब्द फारसीतून उर्दूत आला, तसा मराठीतही आला. फरक एवढाच की उर्दूत कबूतर ‘आया’ आणि मराठीत कबूतर ‘आले’! अकबर बादशहाला कबुतरे उडवण्याचा मोठा शौक होता. या शौकाला तो ‘इश्कबाजी’ म्हणत असे, असे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे.

कबुतरे उडवणे वेगळे आणि त्यांची पिल्ले वाढवणे वेगळे. प्रथमच जोडी पाळणारा मुलगा अंडी दिसली की अधीर होतो. दिवसातून दहादा ढाबळीत डोकावतो, अंडी उचलून पाहतो. पुष्कळदा पहिली अंडी अशानेच वाया जातात.

आधी जोडी जमली पाहिजे. कबुतराचे नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच असतात. नर मान फुगवून घुमतो आणि मादीभोवती गोल गोल फिरतो. मादी आपली चोच नराच्या चोचीत घालते. असे दिसले की जोडी जमली असे समजावे. कधी कधी दोन माद्याच जोडी करून राहतात. मग घरट्यात दोनऐवजी चार अंडी दिसतात. पाळणाऱ्याला आनंद होतो, पण त्यांतून पिल्लू निघत नाही.

घरट्यासाठी मातीचा उथळ परळ ठेवावा आणि त्यात थोडे वाळलेले गवत घालावे. गुळगुळीत जागेवर पिल्लांचे पाय घसरतात आणि कायमचे फाकतात. जवळ कडुलिंबाच्या वाळक्या काड्या टाकून ठेवाव्यात. नर एकेक काडी चोचीत धरून आणतो आणि मादी बसल्या जागी ती रचते. मादीला ज्वारी, मका, मटकी यांबरोबर शिंपल्यांचा चुराही द्यावा. अंड्याच्या कवचाला चुना लागतो. तो त्यातून मिळतो.

मादी पहिले अंडे बहुधा संध्याकाळी घालते. एक दिवस मध्ये जातो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरे अंडे येते. पहिल्या अंड्यावर ती नीट बसत नाही, नुसती उभी राहते. नवख्या माणसाला वाटते, हिने अंडे टाकले! तसे नसते. दोन्ही पिल्ले बरोबरीने बाहेर यावीत म्हणून खरी ऊब दुसऱ्या अंड्यानंतर सुरू होते. नर साधारणपणे सकाळी दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत अंड्यांवर बसतो. बाकीचा वेळ आणि सारी रात्र मादी बसते.

माणसाचा हात लागला की पक्षी अंडे सोडतो, असे लोक म्हणतात. पाळीव कबुतरांच्या बाबतीत ते फारसे खरे नाही. वारंवार दिलेला त्रास मात्र त्यांना सोसत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी, हात स्वच्छ धुऊन, अंधारात अंड्यामागे टॉर्च धरावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू वाढत आहे. अंडे नितळ दिसले तर ते पोकळ आहे. एवढे पाहून अंडे लगेच जागेवर ठेवावे.

सतरा-अठरा दिवसांनी कवचाला बारीक तडा जातो. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक टणक काटा असतो. त्याने ते कवच फोडते. या कामाला कधी पुरा एक दिवस लागतो. ते पाहून आपला जीव कासावीस होतो आणि कवच सोलून काढावेसे वाटते. तसे मुळीच करू नये. कवचाच्या आतल्या पातळ पडद्यात अजून रक्त वाहत असते. उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात जायचा असतो. घाईने सोलले तर रक्त जाऊन पिल्लू मरते.

काही मुले विचारतात, “ही अंडी यंत्रात का उबवू नयेत?” कोंबडीची अंडी यंत्रात उबवतात. इजिप्तमध्ये तर दोन हजार वर्षांपूर्वीही मोठ्या भट्ट्यांच्या उबेवर ती उबवत असत. एकवीस दिवसांनी निघालेले कोंबडीचे पिल्लू थोड्याच वेळात चालू लागते आणि स्वतः दाणे टिपते. कबुतराचे पिल्लू मात्र आंधळे आणि दुबळे असते. त्याला दाणा पचत नाही. आई आणि बाप या दोघांच्याही गळ्याखालच्या अन्नपिशवीत त्या दिवसांत पिवळसर, पनीरच्या चुऱ्यासारखे अन्न तयार होते. त्याला ‘कबुतराचे दूध’ म्हणतात. पहिले काही दिवस पिल्लू केवळ त्यावरच जगते. यंत्र ऊब देईल, हे दूध कोठून देणार? हातांनी भरवून असे पिल्लू जगवणे जाणत्या माणसालाही फार कठीण जाते. (फ्लेमिंगो पक्षीही आपल्या पिल्लांना असेच दूध पाजतात.)

चार-पाच दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडतात. मग दुधात हळूहळू भिजलेले दाणे मिसळू लागतात. ढाबळ साफ करताना नाकातोंडाला रुमाल बांधावा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला बाधते. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम करूच नये.

साधारण महिन्याभरात पिल्ले घरटे सोडतात. पण त्याआधीच, ती दोन-तीन आठवड्यांची असताना, मादी पुन्हा अंडी घालू शकते. तेव्हा पिल्लांना भरवण्याचे काम बरेचसे नराकडे जाते. जागा कमी पडून नवी अंडी फुटू नयेत, यासाठी दुसरा परळ शेजारी आधीच मांडून ठेवावा.