एचआयव्हीवर रोजची एकच गोळी, आत तीन औषधं. डोस चुकला तर काय होतं?

रत्नागिरी : मिरकरवाडा बंदरातून गेलेली नौका कधी कधी अनेक दिवसांनी परतते. एचआयव्हीबाधित खलाशाजवळच्या गोळ्या तोवर संपल्या, तर उपचारात खंड पडतो. गणपतीला चार दिवस म्हणून आलेला आणि गावीच रमलेला चाकरमानीही याच अडचणीत सापडू शकतो. ही गोळी रोज का घ्यायची, समजून घेऊया.

गोळीत काय असतं?
सरकारी एआरटी केंद्रांत बहुतेक प्रौढांना ‘टीएलडी’ ही गोळी मिळते. तिच्यात टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं.

तीन औषधं कशाला?
पेशीत शिरलेला विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो. पहिली दोन औषधं हे काम रोखतात. तो डीएनए आपल्या डीएनएत घुसू न देणं हे डोल्युटेग्राविरचं काम. नक्कल करताना विषाणूच्या खूप चुका होतात. त्यातूनच एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होतो. पण एका औषधातून निसटलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

डोस राहिला तर?
आठवताच घ्या. पुढच्या डोसची वेळ झाली असेल, तर दोन गोळ्या एकदम घेऊ नका. वारंवार खाडे झाले तर औषधच निकामी ठरू शकतं. बाहेरगावी जाण्याआधी केंद्राला सांगा. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे.

बरं वाटलं, आता बंद करू?
नाही. काही विषाणू पेशींत दडून राहतात आणि गोळी थांबताच पुन्हा वाढतात. मात्र नियमित उपचारांनी ‘व्हायरल लोड’ तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

खर्च किती?
सरकारी केंद्रात शून्य. एकेकाळी या उपचारांना वर्षाला १० हजार डॉलरहून जास्त लागत. २००१ मध्ये ‘सिप्ला’ने तीन औषधं ३५० डॉलरमध्ये देऊ केली. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झाली. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान होताच उपचार मिळतात.

कुठे जायचं?
रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्रात. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे.