जाड दोऱ्याला जागा हवी

हाताने शिवलेल्या गोधडीचं रूप तिच्या धावदोऱ्यात असतं. दोरा जाड, टाका ठसठशीत, लांबूनही ओळन् ओळ दिसते. तोच ठसा शिलाई मशीनवर उमटवायला गेलं की हातभर शिवण होते न होते तोच दोरा पिंजतो, तुटतो, खाली गुंता होतो. मग ‘घरच्या मशीनवर जाड दोरा चालतच नाही’ असा निकाल लागतो आणि हौसेने आणलेले रंगीत दोरे डब्यात पडून राहतात. हा निकाल चुकीचा आहे. जाड दोरा ज्या ज्या ठिकाणातून जातो तिथे त्याला पुरेशी जागा मिळाली, तर साधं पायमशीनही तो शिवतं.

ही जागा सर्वांत आधी अडते सुईच्या नेढ्यात. दोरा तुटला की आपण त्याला कच्चा ठरवतो. पण एका टाक्याला जेवढा दोरा लागतो, त्याच्या कितीतरी पट दोरा मशीनची तरफ खाली सोडते. तो बॉबिनला वळसा घालतो आणि उरलेला पुन्हा वर ओढला जातो. म्हणजे दोऱ्याचा तोच तुकडा कापडात बसण्याआधी त्याच नेढ्यातून अनेकदा ये-जा करतो. नेढं अरुंद असेल तर पक्क्या दोऱ्याचेही पदर सुटणारच. म्हणून सुई 16 किंवा 18 नंबरची घ्यावी, आणि मिळाली तर टॉपस्टिच प्रकारची. पाकिटावरच्या 100/16 मधला 100 म्हणजे सुईच्या पात्याची जाडी 1 मिलिमीटर. टॉपस्टिच सुईचं नेढं लांबट आणि पुढची खाच खोल असते. सुई थरांत शिरताना दोरा त्या खाचेत बसतो, म्हणून घासला जात नाही. मोठ्या सुईने भोकं पडतील ही भीती सुती कापडापुरती तरी सोडून द्यावी, कारण ते भोक दोराच भरून काढतो. दाट विणीच्या रेशमी साडीवर मात्र आधी एका कोपऱ्यात टीप मारून बघावी.

‘टाका सैल दिसतोय, टेन्शन आवळा’ हा सल्ला जाड दोऱ्याला हमखास नडतो. टेन्शनच्या चकत्यांमध्ये जाड दोरा शिरला की चकत्या जास्त फाकतात, स्प्रिंग जास्त दाबली जाते, म्हणजे डायलला हात न लावताही ताण वाढलेला असतो. त्यामुळे डायल कमी आकड्याकडे फिरवावा लागतो. टाकाही लांब ठेवावा, 3 ते 4 मिलिमीटर. आखूड टाक्यात जाड दोरा नुसता गोळा होतो.

कापडाच्या खालच्या बाजूला जाळं झालं, की दोष खालच्या दोऱ्याचा, असंही सर्रास मानलं जातं. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाब-पाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा ओवलेला जाड दोरा त्यांच्यामध्ये न बसता वरूनच निसटतो आणि ताणाविना खाली जाऊन लोळतो. दाब-पाय वर उचलून मग दोरा ओवावा. एवढ्याने बरेचसे गुंते थांबतात.

वर जो दोरा तोच खाली हवा, असा काही नियम नाही. 1846 साली इलायस हाउ यांनी ज्या लॉकस्टिचचं पेटंट घेतलं, त्यात दोन दोऱ्यांची अढी कापडाच्या मध्यात पडते. दोन्ही दोरे जाड असले की ती अढी गाठीएवढी होते. बॉबिनमध्ये बारीक सुती किंवा पॉलिएस्टर दोरा भरावा. मात्र कापसाचा थर असलेल्या रजईत अढी लपते, तशी नुसत्या जुन्या साड्यांच्या गोधडीत लपत नाही. तिथे खालचा दोरा वरच्याच रंगाचा हवा.

नंबरांचा घोळ दुकानात होतो. वेट या मापात आकडा मोठा तितका दोरा बारीक: 40 वेटचा दोरा 40 किलोमीटर लांब घेतला तर त्याचं वजन 1 किलो भरतं, 12 वेटचा 12 किलोमीटरच पुरतो. टेक्समध्ये उलट, कारण तिथे 1,000 मीटरचं ग्रॅममधलं वजन मोजतात. 12 वेट म्हणजे साधारण 83 टेक्स.

जाड म्हणजे टिकाऊ, हाही भ्रम. चमकदार रेयॉनचा दोरा भिजला की त्याची ताकद बरीच घटते, सुती दोऱ्याची उलट वाढते. रोज अंगावर घ्यायच्या, वारंवार धुवायच्या गोधडीला सुतीच घ्यावा. पण हातशिलाईसाठी मेण किंवा खळ चढवलेला सुती दोरा मशीनला लावू नये. तो लेप चकत्यांमध्ये साचतो.

सुईत मावतच नाहीत असे दोरे, उदाहरणार्थ 8 आणि 5 नंबरचा पर्ल कॉटन, यांच्यासाठी मला सर्वांत आवडणारी रीत म्हणजे काम उलटं करणं. जाड दोरा बॉबिनवर हळूहळू भरायचा, वर बारीक दोरा ओवायचा आणि गोधडीची दर्शनी बाजू खाली ठेवून शिवायचं. नक्षी अस्तरावर आखून घेतली की चुकत नाही. बॉबिन केसच्या पत्तीवरचा मोठा स्क्रू डावीकडे पाव-पाव फेरा सैल करत जावा, आणि हे काम ताटलीवर करावं, कारण तो निसटला तर सापडत नाही. यासाठी दुसरी बॉबिन केस विकत घेऊन तिला खूण करून ठेवली, तर रोजच्या शिलाईचं जुळवलेलं टेन्शन बिघडत नाही. या रीतीत दोऱ्याला नेढ्यातून जावंच लागत नाही, म्हणून एरवी पिंजणारा दोराही अखंड उमटतो.

शेवट पक्का करायला उलटी टीप मारू नये. जाड दोऱ्याचा तिथे गड्डा होतो. सुरुवातीला आणि शेवटी वीतभर दोरा सोडावा, दोन्ही टोकं मागच्या बाजूला ओढून गाठ मारावी आणि मोठ्या नेढ्याच्या हातसुईने थरांच्या आत बोटभर सरकवून मग कापावीत.