आधी पोचला, म्हणून हरला

डोंबिवलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय, सोबत एका छापील चिठ्ठीचा फोटो. चिरंजीव न्यू जर्सीत नोकरीला. तिथल्या गाडीवेड्यांच्या एका क्लबात ते आहेत. हा क्लब आजवर रविवारी सकाळी जमून एकमेकांच्या गाड्यांची बॉनेटं उघडून बघण्यापलीकडे फारसं काही करत नव्हता. परवा मंडळी पहिल्यांदाच ड्रॅग स्ट्रिपवर गेली आणि ब्रॅकेट रेसिंगमध्ये उतरली. चिरंजीवांची गाडी तगडी, समोर एका आजोबांची जुनी मिनीव्हॅन. शर्यत पाव मैलाची, सरळ रेषेत. चिरंजीव गाडीच्या दीड लांबीने आधी पोचले आणि हरले. ‘हा कुठला न्याय? आणि यात विज्ञान ते काय?’ असं बाईंनी विचारलंय.

टीव्हीवर दिसते ती ड्रॅग रेसिंग वेगळी. तिथे नायट्रोमिथेन पिणारी, 11,000 अश्वशक्तीच्या घरातली धुडं ताशी 500 किलोमीटरच्या पुढे जातात. 2008 मध्ये एका चालकाचा मृत्यू झाल्यावर त्यांची शर्यत 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणली गेली. ते बघायला थरारक असतं, पण विचार करायला मला ब्रॅकेट रेसिंगच आवडतं. तिथे तुमच्या-आमच्यासारखी माणसं, ज्या गाडीतून आठवडाभर ऑफिसला जातात त्याच गाडीतून येतात.

शर्यतीआधी प्रत्येकाने आपली गाडी पाव मैल, म्हणजे 402 मीटर, किती सेकंदांत कापेल ते सांगायचं. त्या आकड्याला म्हणतात डायल-इन. तो काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने ठसठशीत लिहितात, मनोऱ्यात बसलेल्या माणसाला लांबून वाचता यावा म्हणून. आजोबांनी लिहिलं होतं 17.20, चिरंजीवांनी 14.60. मग व्हॅन 2.60 सेकंद आधी सुटणार. दोघांनी आपापला शब्द तंतोतंत पाळला आणि सुटताना सारखीच तत्परता दाखवली, तर दोघं एकाच क्षणी शेवटच्या रेषेवर येतील. आता यात कोणीही मुद्दाम वाढीव आकडा लिहून फुकटची मोकळीक घेईल, म्हणून दुसरा नियम: सांगितलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात पोचलात की बाद. याला ब्रेकआउट म्हणतात. दोघांनीही ब्रेकआउट केला तर ज्याने कमी केला तो जिंकतो.

चिठ्ठीवर चिरंजीवांची वेळ आहे 14.31. म्हणजे शब्दापेक्षा 0.29 सेकंद लवकर. आजोबा 17.24, म्हणजे 0.04 उशिरा. न्यायाचा प्रश्न इथे मिटला. चलाखी तरीही चालतेच. काही जण आकडा जरा वाढवून लिहितात आणि शेवटच्या काही फुटांत, शेजारच्यावर एक डोळा ठेवून, हलकेच ब्रेक लावतात. पण शेवटच्या टप्प्यातला वेगही चिठ्ठीवर छापून येत असल्याने ही लबाडी जाणकारांच्या नजरेतून सुटत नाही.

विज्ञान खरं तर सुरुवातीच्या रेषेवर सुरू होतं. तिथे जमिनीलगत प्रकाशाचा किरण आडवा टाकलेला असतो आणि पुढचं चाक तो अडवून उभं असतं. समोर दिव्यांचा खांब. 1963 मध्ये हे खांब वापरात यायला लागले; त्याआधी झेंडा घेतलेला माणूस दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून उडी मारायचा. खांबावर पिवळे दिवे तीन, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागणारे, आणि तिसऱ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. पण पाव मैलाची वेळ मोजणारं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. ते चाक किरणाबाहेर गेल्यावर सुरू होतं. हिरवा लागल्यावर तुम्ही गाडीत शेंगा सोलत बसलात तरी तुमची पाव मैलाची वेळ बिघडणार नाही. तो आळस वेगळा मोजला जातो, हिरवा लागल्यापासून चाक किरणातून सुटेपर्यंतचा. तो शून्य आला तर सोन्याहून पिवळं, आणि शून्याच्या आधी गेलात की लाल दिवा. तिथेच खेळ खलास.

आता गंमत बघा. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला धडधाकट माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. त्यानंतर गाडीने जागेवरून हलून चाकभर सरकायचं, तेव्हा किरण मोकळा होणार. हे साधारण फूटभर अंतर तोडायला रस्त्यावरच्या गाडीला आणखी 0.3 ते 0.4 सेकंद जातात. बेरीज अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेली. म्हणजे हिरवा बघून निघणारा हमखास उशिरा निघतो. शेवटचा पिवळा चमकला रे चमकला की पाय दाबायचा, आणि गाडी सुस्त असेल तर त्याच्याही किंचित आधी. आजोबांचा प्रतिसाद 0.062 होता, चिरंजीवांचा 0.240. आजोबा या दिव्यांचे जुने गिऱ्हाईक दिसतात.

(जाता जाता: घड्याळ सुरू होण्याआधी मिळालेल्या या फूटभर सवलतीचा जाहिरातवाल्यांनी छान उपयोग करून घेतलाय. टेस्लाने मॉडेल एस प्लेडसाठी 0 ते 60 मैल वेग 1.99 सेकंदांत असा डांगोरा पिटला, आणि खाली बारीक अक्षरांत टीप होती की पहिला फूट यात धरलेला नाही. शून्यापासून मोजल्याचं सांगायचं आणि शून्य सोडून मोजायचं! अमेरिकी मोटार मासिकंही वर्षानुवर्षं असंच मोजत आली आहेत, तेव्हा एकट्या टेस्लाला कशाला बोल लावा.)

प्रतिसादाच्या त्या 0.2 सेकंदाची गोष्ट मात्र मोटारींपेक्षा फार जुनी आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ग्रीनिच वेधशाळेत 1790 च्या दशकात नेव्हिल मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते आणि डेव्हिड किनब्रुक हा त्यांचा तरुण मदतनीस. काम असं: दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभे धागे ताणलेले, त्यांवरून तारा सरकत जायचा. निरीक्षकाने घड्याळाची टिकटिक कानाने मोजायची, एका टिकेला तारा धाग्याच्या अलीकडे किती आणि पुढच्या टिकेला पलीकडे किती हे डोळ्याने धरायचं, आणि मधल्या क्षणाचा दशांश सेकंद मनाने ठरवायचा. डोळा, कान आणि अंदाज, तिन्ही एकाच वेळी. 1795 च्या ऑगस्टपासून किनब्रुकचे आकडे मॅस्केलिन यांच्या आकड्यांपेक्षा अर्धा सेकंद उशिराचे येऊ लागले. समज दिली गेली. पोरगा सुधारण्याऐवजी फरक 0.8 सेकंदावर गेला. 1796 च्या सुरुवातीला मॅस्केलिन यांनी त्याला नोकरीवरून काढलं.

0.8 सेकंदासाठी नोकरी? पण याच निरीक्षणांवरून वेधशाळेचं घड्याळ लावलं जायचं, आणि घड्याळावर जहाजांची रेखांशं अवलंबून. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे 465 मीटर फिरतो. 0.8 ने गुणा: 372 मीटर. ड्रॅग रेसवाल्यांच्या पाव मैलाला तीसच मीटर कमी! हा निव्वळ योगायोग आहे, पण मला भारी आवडतो.

हकिगत अहवालात पुरली गेली असती. वीसेक वर्षांनी ती कोनिग्सबर्गच्या फ्रिडरिश बेसेल यांच्या वाचनात आली आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो मॅस्केलिन यांना सुचला नव्हता: मदतनीस चुकला हे कशावरून? साहेब चुकले नसतील कशावरून? बेसेल यांनी स्वतःची निरीक्षणं इतर नाणावलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली. एका सहकाऱ्याशी सुमारे एक सेकंदाचा फरक निघाला, म्हणजे किनब्रुकपेक्षाही जास्त. प्रत्येक निरीक्षकाचा स्वतःचा असा एक फरक असतो. तो मोजा, नोंदवा आणि वजा करा. फरक मोठा असला तरी बिघडत नाही, तो रोज तेवढाच राहिला पाहिजे. याच धाग्यावरून पुढे माणसाचा प्रतिसाद-काळ प्रयोगशाळेत मोजला जाऊ लागला आणि प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया पडला. मॅस्केलिन आणि बेसेल या दोघांच्याही नावाने चंद्रावर विवरं आहेत. ज्याच्या डोळ्याकानांवर हे सगळं उभं राहिलं त्या किनब्रुकचा उल्लेख पुस्तकांत बहुधा ‘काढून टाकलेला मदतनीस’ एवढाच येतो. माझ्या मते तो नालायक नव्हता. मोजमाप करणाऱ्या माणसाचंच मोजमाप झालं, असा तो पहिलाच.

ब्रॅकेट रेसिंगमधले मुरलेले लोक आज बेसेलचंच तंत्र वापरतात, त्याचं नावही न ऐकता. वरच्या गटांत ‘डिले बॉक्स’ला परवानगी असते. चालक पहिल्याच पिवळ्या दिव्याला बटण सोडतो, आणि उरलेला सेकंदभर तो डबा गाडी रोखून धरतो. किती धरायची ते हजारांश सेकंदात ठरवता येतं. चालक सावकाश असला तरी चालतं, डब्यातला आकडा तेवढा कमी करायचा. एकदा चपळ आणि एकदा ढिम्म असं मात्र चालत नाही. नवख्यांच्या गटात हा डबा नसतो, तिथे पाय आणि नशीब.

आता ते 0.29 सेकंद. तीच गाडी, तोच चालक, तोच रस्ता. दुपारच्या चाचणीत 14.60 आणि संध्याकाळच्या शर्यतीत 14.31 कशी? इथे भौतिकशास्त्र अगदी आटोपशीर आहे. इंजिन सतत सारखी शक्ती देतंय असं धरा आणि हवेचा अडथळा विसरा. मग ठरावीक अंतराला लागणारा वेळ हा वजन भागिले शक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात येतो. अकरावीच्या मुलांना हे अर्ध्या पानात सोडवता येईल. रॉजर हंटिंग्टन या मोटार-पत्रकाराने प्रत्यक्ष शर्यतींचे आकडे जमवून घनमुळाचा नियम आधीच शोधला होता. 1973 मध्ये जेफ्री फॉक्स यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये तो का चालतो ते दाखवलं. घनमूळ फार कंजूष असतं. शक्ती दुप्पट केलीत तरी 14.60 ची वेळ 11.6 च्या आसपासच येते. उलट, वजनात किंवा शक्तीत एक टक्का फरक पडला की वेळेत एक तृतीयांश टक्का, म्हणजे इथे 0.05 सेकंद. खेळ शतांशांचा असल्यामुळे तेवढंही पुष्कळ.

पत्रात लिहिलंय, दुपारी 32 अंश होतं, संध्याकाळी 23. हवा थंड झाली की दाट होते. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या पोटात प्रत्येक घोटाला जास्त प्राणवायू जातो. 300 केल्व्हिनच्या आसपास 9 अंश म्हणजे 3 टक्के. वेळेत 1 टक्का, साधारण 0.15 सेकंद. (दमट हवा जड असते हा गैरसमज घरोघरी आहे. पाण्याचा रेणू 18 चा, नायट्रोजनचा 28 चा; दमट हवा हलकी असते आणि इंजिनाला ती आवडत नाही.) उंचीचाही हाच हिशेब. डेन्व्हरजवळची बँडिमियर स्पीडवे समुद्रसपाटीपासून 5,800 फुटांवर होती, 2023 मध्ये ती बंद झाली. तिथे साध्या गाड्यांचा दम अक्षरशः कमी पडायचा. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’मध्ये पाव मैल धावतात, तिथले आकडे किनाऱ्याच्या पातळीवरच्या आकड्यांशी ताडताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

0.15 चा माग लागला. उरलेल्याचा छडा पत्रातल्या एका सहज लिहिलेल्या वाक्यात आहे. चाचणी झाल्यावर क्लबातल्या कुणीतरी सल्ला दिला, ‘गाडी हलकी कर’, आणि चिरंजीवांनी स्टेपनी, जॅक आणि डिकीतलं सामान बाहेर काढलं. ते पंचवीसेक किलो धरू आणि दिवसभरात जळालेलं पेट्रोल पाच किलो. चालकासकट 1,600 किलोच्या गाडीत हे जेमतेम 2 टक्के, म्हणजे 0.09 सेकंद. राहिले 0.05. चिठ्ठीवर पहिल्या 60 फुटांची वेळही असते; ती दुपारी 2.28 होती आणि संध्याकाळी 2.25. सुरुवातीला मिळालेली बचत शेवटी दीडपटीने वाढून येते, असा तिथल्या लोकांचा ठोकताळा आहे. 0.15, 0.09, 0.05. बेरीज 0.29. इतका चोख जमणारा हिशेब बघून मलाच शंका येते. दुसऱ्या दिवशी वाऱ्याची एक झुळूक यातला कुठलाही आकडा फिरवू शकेल. पण दिशा तीच राहील.

शेवटी बाईंनी हळूच विचारलंय, की मुलगा आता इंजिन ट्यून करून घ्यायचं म्हणतोय, त्याला काय सांगू? दहा टक्के शक्ती वाढली तर वेळ तीन टक्क्यांनी कमी होईल, साधारण 14.15. ते छानच, पण मग काचेवर 14.15 लिहावं लागेल आणि समोरच्याला आणखी जवळपास अर्ध्या सेकंदाची आघाडी मिळेल. जिंकण्याची शक्यता होती तिथेच. ते डॉलर तुम्ही वाचवा. त्याऐवजी एक तापमापक आणि एक वही घ्यायला सांगा: दर फेरीला तापमान, टाकीतलं पेट्रोल, टायरमधली हवा, पहिल्या 60 फुटांची वेळ. आणि स्टेपनी काढायचीच असेल तर ती चाचणीच्या आधी काढावी.